बिनस्वरांची चिठ्ठी

पाकीट फोडून आतला कागद वाचला आणि बातमीकाका ताडकन उठून उभे राहिले. "छापणाऱ्यानं सगळ्या मात्रा खाल्ल्यात!"

मटार सोलत बसलेल्या काकूंनी मान वर केली. "कसल्या मात्रा?"

"काना, मात्रा, वेलांटी, उकार. औषधालासुद्धा एक शिल्लक नाही. हे बघ. ह, त, प. पुढे न, फ, र. ही भाषा आहे की गाडीचा नंबर?"

"हं," काकू म्हणाल्या आणि पुन्हा मटारांकडे वळल्या.

चौतीस वर्षं काकांनी रेडिओवर बातम्या वाचल्या होत्या. पूर आला, सरकार पडलं, पूल कोसळला, तरी त्यांच्या तोंडातला ष कधी श-च्या अंगावर पडला नाही. निवृत्तीनंतर ऐकणारं कुणी उरलं नव्हतं, एवढंच. त्यामुळे संग्रहालयाचं बोलावणं आलं तेव्हा ते दोन दिवस जमिनीवर नव्हते. संग्रहालयात प्राचीन इजिप्तमधला एक कोरीव दगड येणार होता. समोर उभं राहून बटण दाबलं, कानाला यंत्र लावलं, की त्यावरचा मजकूर त्याच मूळ भाषेत ऐकू यावा अशी योजना होती. संचालक लहानपणापासून काकांच्या बातम्या ऐकत आलेले. वाचायला त्यांना दुसरा आवाज चालणार नव्हता.

घरात मात्र श्रोता एकच. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात काकू "जरा सरका" म्हणाल्या, तेव्हा काकांनी त्यांना समोर बसवून समजावलं होतं, की थोडंसं या अर्थाच्या 'जरा'तला ज दातांजवळचा आणि म्हातारपण या अर्थाच्या 'जरा'तला ज टाळूवरचा. "तू आत्ता मला 'म्हातारपण सरका' म्हणालीस." काकू खूप हसल्या होत्या. दहाव्या वर्षी त्या हसत नव्हत्या. विसाव्या वर्षी वाक्यं आखूड झाली, आणि अलीकडे काका घरात असले की बहुतेक कामं 'हं'वर भागायची. 'हं' चुकीचं म्हणता येत नाही. काका मात्र येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकानं सांगत, "आमची ही मुळातच अबोल." ही अबोल बाई जिन्यात शेजारच्या नर्सबाईंशी तास तास बोलत असते, हे त्यांना कुणी कळवलं नव्हतं.

काकांनी लगेच संग्रहालयात फोन लावला. मजकूर पाठवणाऱ्या अभ्यासक बाई फोनवर आल्या.

"मात्रा खाल्लेल्या नाहीत, सर. मुळातच नव्हत्या. त्या लोकांनी स्वर लिहिलेच नाहीत. नुसती व्यंजनं."

"मग म्हणायचं कसं?"

"सोयीसाठी आम्ही मध्ये ए घालतो. न, फ, र म्हणजे नेफेर. अर्थ चांगलं, सुंदर."

"सोयीसाठी?" काकांचा आवाज चढला. "आणि ते लोक स्वतः काय म्हणायचे?"

"ते कुणालाच नक्की माहीत नाही."

"असं कसं? कुणाला तरी माहीत असेलच की!"

"सर, ती माणसं जाऊन चार हजार वर्षं झाली," बाई शांतपणे म्हणाल्या. "त्यांना स्वर लिहायची गरज नव्हती. वाचणाऱ्याला ते ठाऊकच असायचे."

परक्या देशाच्या मंत्र्याचं नाव बातम्यांत आलं, तर काका त्या देशाच्या वकिलातीत फोन करून उच्चार विचारून घेत. आता फोन करायचा कुठे? त्यांनी तीन विद्यापीठांतल्या तीन विद्वानांना पत्रं लिहिली. पहिल्यानं कळवलं, नेफेर. दुसऱ्यानं कळवलं, फार पूर्वी ते बहुधा नाफिर असावं. तिसऱ्यानं कळवलं, की त्याच भाषेचं खूप उशिराचं रूप ग्रीक वळणाच्या अक्षरांत लिहिलेलं सापडतं, त्यात स्वर आहेत आणि तिथे हा शब्द नूफेसारखा दिसतो. पण त्यावरून जुना उच्चार सांगणं म्हणजे नातवाच्या चेहऱ्यावरून खापरपणजोबांचं नाक सांगण्यासारखं आहे.

"तीन माणसं, तीन उच्चार!" काका म्हणाले.

"हं," काकू म्हणाल्या.

काकांना थोडा धीर आला तो व्यंजनांमुळे. त्या भाषेत ह एक नव्हता, चार होते. एक आपला साधा, एक घशाच्या तळातून येणारा, एक खाकरल्यासारखा आणि एक त्याहून किंचित मऊ. शिवाय आणखी एक असा आवाज होता, की जो काढायला घसा आवळून धरायचा आणि तिथूनच सोडायचा. स्वरांचा पत्ता लागत नसेल तर निदान व्यंजनं तरी निर्दोष हवीत, असं ठरवून काका रोज सकाळी गॅलरीत उभे राहून चार ह आणि एक आवळलेला घसा यांचा सराव करू लागले. खाली दूधवाल्यानं दोनदा वर बघितलं. चौथ्या दिवशी समोरच्या झाडावरचे कावळे जागा बदलून गेले.

पाचव्या दिवशी रात्रपाळी संपवून नर्सबाई घरी येत होत्या. काका गॅलरीच्या कठड्याला धरून, डोळे मिटून, लालबुंद चेहऱ्यानं घशातून काहीतरी ओढत असलेले त्यांना खालून दिसले. बाईंनी पिशवी जिन्यात टाकली, तीन मजले धावत चढल्या, उघड्या दारातून आत शिरल्या आणि घशात घास अडकलेल्या माणसाला धरतात तसं काकांना मागून मिठी मारून बरगड्यांखाली जोरात हिसका दिला.

काकांच्या तोंडून एक आवाज निघाला. खोल, आवळलेला, थेट घशाच्या तळातून आलेला. पाच दिवस ज्याच्या मागे ते लागले होते, तोच.

'हाच! हाच तो!' असं त्यांना ओरडून सांगायचं होतं. पण तोंडातून नुसती हवा आली.

"निघालं का बाहेर?" नर्सबाईंनी विचारलं.

घशाच्या डॉक्टरांनी आत आरसा घालून बघितलं. "स्वरयंत्राला सूज आहे. दहा दिवस एक शब्द बोलायचा नाही. कुजबुजायचंही नाही, ते तर जास्त वाईट. काय करत होतात?"

"चार प्रकारचे ह म्हणत होते," काकूंनी सांगितलं.

डॉक्टरांनी काकूंकडे बघितलं, मग काकांकडे, आणि मुकाट्यानं कागदावर औषध लिहिलं.

ध्वनिमुद्रण त्या दहातल्याच सहाव्या दिवशी होतं.

घरी आल्यावर काकांनी एक वही आणि पेन्सिल घेतली. अभ्यासक बाईंचं ते शेवटचं वाक्य त्यांच्या डोक्यातून जात नव्हतं. वाचणाऱ्याला म्हणे ठाऊकच असायचे! बघूच, म्हणून त्यांनी पहिली चिठ्ठी बिनस्वरांची लिहिली. 'खडक उघड.' काकूंनी ती वाचली आणि उठून खिडकी उघडली. काकांनी लिहिलं, 'गळ.' काकूंनी घड्याळात बघितलं आणि गोळी आणून दिली. 'चषम.' चष्मा आला. 'टवल.' टॉवेल आला. संध्याकाळपर्यंत बावीस चिठ्ठ्या झाल्या आणि एकही चुकली नाही.

'कस कळत,' काकांनी लिहिलं.

"तुम्हाला काय हवं असतं ते मला ठाऊक असतं," काकू म्हणाल्या. "त्यात काय वाचायचंय?"

काकांना हा खेळ फार आवडला. दोन दिवसांत त्यांना तशीच सवय लागली. मात्रा नाही, वेलांटी नाही, पूर्णविरामही नाही. पेन्सिल झरझर चालायची.

आणि घर इतकं शांत झालं, की तिसऱ्या दिवशी दुपारी काकू आपणहून बोलू लागल्या. आधी नळाच्या गळतीबद्दल. मग नर्सबाईंच्या बदलीबद्दल. मग चादरींच्या घड्या घालता घालता त्यांना दवाखान्यातले दिवस आठवले. काकूंनी सव्वीस वर्षं एका मोठ्या दवाखान्यात चादरी-अभ्र्यांच्या खोलीत काम केलं होतं. काकांना त्यातलं एवढंच माहीत होतं, की त्या साडेपाचला घरी येत.

"एक म्हातारी होती, खिडकीजवळच्या खाटेवर," काकू सांगू लागल्या. "कुठल्या लांबच्या मुलखातून आणून ठेवलेली, कोण जाणे. तिची भाषा अख्ख्या वॉर्डात कुणाला येत नव्हती. मी चादर बदलायला गेले की माझा हात धरून बसवायची आणि बोलायची. अर्धा अर्धा तास. मला एक अक्षर कळायचं नाही. पण ऐकताना कंटाळा कधी आला नाही हो. कुठे हसायचं ते कळायचं. कुठे नाही हसायचं तेही कळायचं. त्यात विशेश काय होतं, सांगता नाही यायचं..."

काकांचा हात सवयीनं पेन्सिलकडे गेला. त्यांनी वहीवर ठळक 'ष' काढला आणि वही वर उचलली. पण तोवर काकू खूप पुढे गेल्या होत्या. म्हातारीची खाट एका सकाळी रिकामी झाली होती, आणि काकू ती चादर हातात घेऊन उभ्या होत्या, आणि तिचं नावही त्यांना नीट म्हणता येत नव्हतं. काकांनी वही हळूच मांडीवर पालथी घातली. घशाला सूज नसती तर ही गोष्ट 'विशेष'पाशीच थांबली असती, हे त्यांच्या लक्षात आलं. मग आणखी एक गोष्ट लक्षात आली, की अशा थांबलेल्या किती असतील याचा त्यांना काहीच अंदाज नाही. तो विचार त्यांना आवडला नाही. त्यांनी लिहिलं, 'पढ.' पण काकूंची घडी घालून झाली होती.

पाचव्या दिवशी ध्वनिमुद्रकाचा फोन आला. काकूंनी घेतला.

"उद्याचं पक्कं ना, काकू? यंत्रं बाहेरून मागवलीत, संचालक दारात उभे आहेत. सरांना जमणार नसेल तर कुणालाही पाठवा. तुम्ही या हवं तर! पण सरांच्या हातचं लिहून आणा, म्हणजे मला वर दाखवता येईल."

काकूंनी निरोप सांगितला. 'तुम्ही या' हा भागही सांगितला, हसत हसत. काका हसले नाहीत. मूळ उच्चारांचा प्रश्न होता. तीन विद्वान, चार ह, पाच दिवसांचा सराव, आणि ते सगळं कुणीही जाऊन वाचायचं? त्यांनी वहीचं पान फाडलं. दिवस बदला, बायको नको, असं स्पष्ट लिहायचं होतं. पण हाताला लागलेली सवय. कागदावर उतरलं ते असं: 'दवस बदल बयक नक.' खाली झोकदार सही.

काकूंनी चिठ्ठी घेतली. वाचली. बाकीच्या सगळ्या चिठ्ठ्यांसारखीच तीही त्यांना एका नजरेत कळली. त्यांनी तिची घडी घालून पर्समध्ये ठेवली आणि त्या पुन्हा 'हं'वर आल्या.

दुसऱ्या दिवशी संग्रहालयाच्या तळघरात, भिंतींना जाड कापड लावलेल्या खोलीत, ध्वनिमुद्रकानं काकूंनी आणून दिलेली चिठ्ठी दिव्याखाली धरली.

"दवस... दिवस. बदल... बदला. बायको." तो दचकला. "बायको बदला म्हणतायत की काय?"

शेजारी उभ्या असलेल्या अभ्यासक बाई पुढे झुकल्या. आयुष्यभर त्यांनी हेच काम केलं होतं. "थांब. बदला नाही, बदली. दिवस ठरलेलाच आहे, माणूस बदली. बदली कोण? बायको. आणि शेवटी नक... नक्की! दुहेरी अक्षर ते लोकही एकदाच लिहायचे. 'दिवस. बदली बायको. नक्की.'" त्यांनी खुशीनं काकूंकडे बघितलं. "सरांनी काय छान पद्धत उचललीय. बरोबर ना?"

काकूंना खरं वाचन माहीत होतं. एक शब्द बोलल्या असत्या तर काम भागलं असतं. त्यांनी हातातली पर्स या हातातून त्या हातात घेतली.

"तुम्ही जाणकार आहात," त्या म्हणाल्या. "तुम्ही म्हणता तसंच असेल."

खुर्चीवर बसवून अभ्यासक बाईंनी त्यांना मजकूर समजावला. दगड होता एका कोठारावरच्या दुय्यम कारकुनाचा. तो म्हणत होता: इथून जाणाऱ्या जिवंत माणसांनो, थांबा. मला हजार भाकऱ्या मिळोत, एवढं तोंडानं म्हणा. माझं नाव घ्या. त्यात तुमचं काही जात नाही, तुम्ही दमणार नाही. ती नुसती तोंडाची वाफ आहे, पण गेलेल्याच्या उपयोगी पडते.

"तोंडाची वाफ?" काकूंनी विचारलं. "असंच लिहिलंय?"

"अगदी असंच."

"आमच्याकडे ती दवडू नकोस म्हणतात," काकू म्हणाल्या, आणि त्यांनी कागद पुढे ओढला.

संध्याकाळी काका दारातच वही घेऊन उभे होते. 'कठल दवस मळल.'

"आजचाच," काकू चपला काढत म्हणाल्या. "झालं वाचून."

काकांनी इतक्या जोरात लिहिलं की पेन्सिलीचं टोक मोडलं. 'म नक लहल हत.'

"त्यांनी नक्की वाचलं. मी काय करणार? मात्रा तुम्हीच खाल्ल्यात."

काकांनी तोंड उघडलं. त्यातून दार कुरकुरल्यासारखा एक बारीक आवाज आला. काकूंनी त्यांच्याकडे शांतपणे बघितलं आणि आत जाऊन गुळण्यांसाठी पाणी तापत ठेवलं.

अकराव्या दिवशी काकांचा घसा मोकळा झाला आणि बाराव्या दिवशी ते घरी काही न सांगता तळघरात हजर झाले. "माझंही एकदा घ्या. मग काय ते ठरवा." चिठ्ठीचा खरा अर्थ त्यांनी सांगितला नाही. अभ्यासक बाईंना वाईट वाटलं असतं. काकांनी वाचलं, पहिल्या दमात, एकही अडखळ नाही. चारही ह चार दिशांना उभे असल्यासारखे वेगळे ऐकू येत होते, आणि आवळलेला घसा तर थेट नर्सबाईंच्या हिसक्याच्या दर्जाचा.

बाईंनी दोन्ही आवाज लागोपाठ ऐकले. "सर, व्यंजनं म्हणाल तर असं मी कुठेच ऐकलेलं नाही." त्या थांबल्या. "पण तुम्ही वाचता तेव्हा तो मेलाय अशी बातमी कळते. काकू वाचतात तेव्हा तो काहीतरी मागतोय असं वाटतं."

"तिचे स्वर बरोबर आहेत?"

"कुणाला माहीत? तुमचेही कुणाला माहीत?"

काका वर आले आणि घरी चालत गेले. वाटेत त्यांना बरीच वाक्यं सुचली, पण ऐकवण्यासारखं कुणी नव्हतं. काकूंनी विचारलं, "कुठे जाऊन आलात?" तेव्हा ते "हं" म्हणाले.

प्रदर्शन उघडलं त्या सकाळी दोघं बरोबर गेले. काकूंना संचालकांनी दारातच अडवून कुणाकुणाशी ओळख करून द्यायला सुरुवात केली. काका एकटेच आत शिरले. दगड अपेक्षेपेक्षा लहान होता, जेमतेम पाटाएवढा. त्याच्यासमोर रांग होती आणि रांगेत काहीतरी विचित्र चाललं होतं. माणूस पुढे जायचा, कानाला यंत्र लावायचा, मिनिटभर गंभीरपणे ऐकायचा आणि मग एकदम दगडाला "हो" म्हणायचा. कुणी नुसती मान डोलवायचं. एक जाड मिशीवाले गृहस्थ तर "हो हो, अगदी" म्हणाले.

"सकाळपासून हेच चाललंय," पहारेकरी म्हणाला. "आधी मला वाटलं, माझ्याशीच बोलतायत."

काकांचा नंबर आला. त्यांनी यंत्र लावलं. आधी थोडी शांतता, मग काकूंचा आवाज. साधे ह सगळे, चारही एकसारखे. पण वाक्य कुठे वळतं, कुठे थांबतं, कुठे खाली येतं ते कळत होतं. काकांना एका अक्षराचा अर्थ न आठवताही तो कारकून कोठाराच्या दारात उभा राहून हात पुढे करतोय असं वाटलं. मजकूर संपला. श्वास घेतल्याचा आवाज आला. आणि मग, ध्वनिमुद्रण संपलंय असं समजून, अगदी हळू, आपल्या रोजच्या भाषेत:

"बरोबर म्हटलं ना?"

चौतीस वर्षांत काकांनी स्वतःचा खोकलाही कधी प्रक्षेपणात जाऊ दिला नव्हता. त्यांनी दगडाकडे बघितलं. कानावर यंत्र असल्यामुळे आपला आवाज किती मोठा लागतोय हे त्यांना कळलं नाही. सगळं दालन दणाणलं.

"बरोबर!"

सगळे वळून बघू लागले. अभ्यासक बाई घाईघाईनं आल्या, मागे काकू. "सॉरी सर, शेवटचं वाक्य कापायचं राहिलं. आज संध्याकाळी काढून टाकते."

"कुठलं वाक्य?" काकूंनी विचारलं. बाईंनी सांगितलं. काकूंचा चेहरा लाल झाला. "अगं बाई! आणि सकाळपासून सगळे ते ऐकतायत? काढा ते, आत्ताच्या आत्ता!"

"राहू दे," काका म्हणाले.

"काय राहू दे? जग हसेल मला!"

"कुणी हसत नाहीये. सगळे हो म्हणतायत."

"माझा आवाज आहे, मी सांगते काढा!" काकूंचा आवाज इतका चढला, की पलीकडच्या दालनातले दोघं-तिघं दारात येऊन उभे राहिले. काकांनी हात वर केले. "बरं, तुझा आवाज. तू म्हणशील तसं." आणि कानावरचं यंत्र काढून त्यांच्यापुढे धरलं.

काकूंनी ते घेतलं. स्वतःचा आवाज असा बाहेरून त्यांनी आयुष्यात कधी ऐकला नव्हता. त्या ऐकत राहिल्या. मध्येच त्यांचे ओठ हलले. शेवटापर्यंत ऐकून त्यांनी पुन्हा एकदा बटण दाबलं आणि पुन्हा पूर्ण ऐकलं. मागच्या लोकांनी चुळबुळ केली.

"राहू दे," त्या शेवटी म्हणाल्या. "पण 'बरोबर'मधला दुसरा ब पार खाल्लाय मी. तेवढं पुन्हा घेऊ या. नीट."

"आहे तेच चांगलं आहे गं," काका म्हणाले.

"तुम्हाला काय कळतंय," काकू म्हणाल्या. पर्स त्यांच्या हातात देऊन, अभ्यासक बाईंना दंडाला धरून त्या तळघराच्या जिन्याकडे निघाल्यासुद्धा. काका पर्स सांभाळत थोडा वेळ तिथेच उभे राहिले. खाली यंत्रं लावायला, काकूंच्या मनासारखं व्हायला अर्धा तास तरी लागला असता. तेवढ्यात जुनं आणखी एकदा ऐकून घ्यावं, म्हणून ते रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले.